रिंगटोनच्या नावाखाली आत्याचं मेमरी कार्ड गेलं. घरात कीपॅडचा फोन असेल तर वाचा

कीपॅडच्या फोनवर आपल्या आवडीचं गाणं रिंगटोन म्हणून लावायला एक रुपयाही लागत नाही. हे आधीच सांगतो, कारण ह्याच कामाचे माझ्या आत्याकडून ९५० रुपये घेतले गेले. ते पैसे एक वेळ सोडून देता आले असते. पण त्या नादात तिच्याकडचं जे गेलं ते बाजारात विकत मिळत नाही.

आत्या सातारा जिल्ह्यातल्या एका लहान गावात राहते. तिचे यजमान, म्हणजे आमचे मामा, गावच्या भजनी मंडळात पुढे उभं राहून गायचे. काळी चार ह्या उंच पट्टीच्या खाली कधी उतरले नाहीत. सप्ताहाच्या वेळी मंडळातल्या पोरांनी त्यांचे अभंग मोबाईलवर रेकॉर्ड केले होते. मामा गेल्यावर त्यातल्या एका पोराने ते सगळे गोळा करून २ जीबीच्या कार्डात भरले आणि आत्याच्या फोनमध्ये कार्ड घालून दिलं. आत्याला फारसं वाचता येत नाही, पण कुठलं बटण कितीदा दाबलं की कुठला अभंग लागतो हे तिला पाठ होतं. संध्याकाळी दिवा लावला की फोन देवाजवळ ठेवायची.

तिच्या मनात आलं की फोन वाजला की मामांचा आवाज यावा. कंपनीची ट्यून सगळ्यांचीच सारखी. एसटीत कुणाचाही फोन वाजला की ही आपली पिशवी उघडून बघायची. म्हणून बाजाराच्या दिवशी तालुक्याला गेली तेव्हा स्टँडजवळच्या मोबाईलच्या दुकानात शिरली.

दुकानदाराने फोन हातात घेतला, मागचं झाकण काढलं आणि म्हणाला, "मावशी, ह्या मोबाईलला डायरेक्ट गाणं बसत नाय. सॉफ्टवेअर मारायला लागंल." मग कार्ड काढून उजेडात धरून म्हणाला, "आन् हे कार्ड पण गेलंय. नवीन ३२ जीबीचं टाकतो, तुमची भजनं त्यात घेतो, वर हजार गाणी फ्री भरून देतो." सॉफ्टवेअरचे ३५०, कार्डाचे ४५०, रिंगटोन बनवायचे १५०. पावती दिली नाही. जुनं कार्ड मागितलं तर "ते आता काय कामाचं?" म्हणून ड्रॉवरमध्ये टाकलं. आत्याने नव्या कार्डाचं पाकीट तेवढं सोबत आणलं, तिच्या सवयीने.

घरी आल्यावर कळलं की फोनमधले सगळे नंबर पुसले गेलेत. भाषा मराठीची इंग्रजी झाली, तारीख कुठल्या तरी जुन्या वर्षाची. आणि रिंगटोन? फोन वाजला की पेटीचा सूर यायचा, टाळांची लय धरली जायची, आणि मामांचा आवाज लागायच्या आतच फोन कट व्हायचा. आत्याला वाटलं, लोकच लवकर फोन ठेवतायत.

पुढे दिवाळीला मी गेलो तेव्हा तिने फोन माझ्या हातात दिला. "बघ रे बाळा, हे मधेच असं काय करतंय?" एक अभंग लावला. मामांनी पहिलं चरण घेतलं, मागे मंडळाने धरलं, आणि दुसऱ्या चरणाच्या ऐन मध्यावर मामांचा आवाज तुटून ढोलकीवरचं सिनेमाचं गाणं सुरू झालं. नाव अभंगाचंच दिसतंय, वेळ तेवढीच दाखवतंय, आत मात्र दुसरंच. पुढचे कित्येक अभंग असेच. काही उघडतच नव्हते. आत्या इतके दिवस समजत होती की आपल्यालाच बटणं दाबता येत नाहीत.

हे कसं घडतं ते नीट सांगतो, कारण असली कार्डं आजही सर्रास विकली जातात. कार्डाच्या आत एक बारीक कंट्रोलर असतो, तो फोनला किंवा कॉम्प्युटरला आपली क्षमता सांगतो. बनावट कार्डात त्यालाच खोटं बोलायला शिकवलेलं असतं. प्रत्यक्षात जागा ४ किंवा ८ जीबीची, पण तो ३२ सांगतो. तुम्ही त्यात गाणी भरत गेलात की खरी जागा संपल्यावरही तो "जागा भरली" म्हणत नाही. पुढचा माल एकतर हवेत जातो, नाहीतर पुन्हा पहिल्यापासून, आधीच्या फाइलींच्या डोक्यावर लिहिला जातो. फाइलींची यादी मात्र शाबूत राहते, म्हणून बघणाऱ्याला सगळं जागेवर दिसतं. मामांचे अभंग आधी भरले गेले आणि "फ्री"ची हजार गाणी नंतर, त्यांच्यावर.

कार्ड तपासायचं तर विंडोजवर एचटूटेस्टडब्ल्यू नावाचा फुकट प्रोग्राम मिळतो. जर्मनीच्या सी'टी ह्या कॉम्प्युटर मासिकाच्या माणसांनी केलेला आहे आणि खूप वर्षं वापरात आहे. लिनक्स आणि मॅकसाठी एफथ्री आहे. दोन्हींचं काम एकच: कार्ड काठोकाठ भरायचं आणि मग लिहिलेलं सगळं परत वाचून ताडून बघायचं. वेळ लागतो, रात्री लावून ठेवावं. पण एक लक्षात घ्या. ही तपासणी रिकाम्या कार्डावर करायची असते, ती करताना पुसलेलं काही परत मिळायची आशाही संपते. म्हणून मी आधी कार्डावरचं जसंच्या तसं लॅपटॉपवर उतरवून घेतलं, धड वाजणारे अभंग वेगळे काढले आणि मगच तपासणी लावली. निकालात खरी जागा ४ जीबीपेक्षाही कमी निघाली. आणखी एक, चांगलं अस्सल ३२ जीबीचं कार्डही कॉम्प्युटरवर २९ जीबीच्या आसपास दिसतं. ती मोजण्याच्या पद्धतीची तफावत आहे, तेवढ्यावरून कुणावर आळ घेऊ नका.

आता "सॉफ्टवेअर मारलं" त्याबद्दल. आत्याच्या फोनला एमपीथ्री गाणं रिंगटोन म्हणून लावायची सोय पहिल्यापासून होती. तसा उल्लेख फोनबरोबर आलेल्या पुस्तिकेतच आहे, ती पत्र्याच्या डब्यात सापडली. सेटिंगमध्ये जायचं, प्रोफाइल, रिंगटोन, मग मेमरी कार्डावरची फाइल निवडायची. संपलं. त्याने केलं ते एवढंच की फोन फॅक्टरी रीसेट केला, म्हणजे काहीतरी मोठं काम झाल्यासारखं दिसावं. नंबर त्यातच पुसले गेले. आणि "रिंगटोन बनवली" म्हणजे काय, तर मंडळातल्या पोराने भरलेली अख्खी सहा मिनिटांची फाइल, नावही न बदलता, तशीच रिंगटोन म्हणून निवडली. दीडशे रुपये त्याचे.

खरी रिंगटोन बनवायची तर तिच्यावर थोडी मेहनत घ्यावी लागते, आणि ती मी त्याच रात्री आत्याशेजारी बसून घेतली. २०१९ च्या नोव्हेंबरमध्ये ट्रायने, म्हणजे टेलिफोन कंपन्यांवर देखरेख ठेवणाऱ्या सरकारी प्राधिकरणाने, ठरवून दिलं की मोबाईलवर कॉल उचलला नाही तर घंटी ३० सेकंद वाजेल, लँडलाइनवर ६० सेकंद. म्हणजे तिसाव्या सेकंदानंतर काय आहे ह्याला काही अर्थ नाही. जे ऐकू यायला हवं ते पहिल्या दोन-तीन सेकंदांतच यायला हवं. ऑडॅसिटी ह्या फुकट प्रोग्राममध्ये फाइल उघडली, पेटीचा सुरुवातीचा सगळा भाग कापला आणि मामा जिथे पहिला शब्द उचलतात त्याच्या किंचित आधीपासून पंचवीसेक सेकंदांचा तुकडा घेतला. कीपॅडच्या फोनचा स्पीकर नखाएवढा असतो. मृदंगाचा घुमारा त्यातून येतच नाही, उलट तो आत राहिला तर आवाज फाटतो. म्हणून हाय-पास फिल्टर लावून साधारण ३०० हर्ट्झच्या खालचा भाग उतरवला, मग नॉर्मलाइज करून आवाज वर आणला. डावा-उजवा वेगळा ठेवण्यात काही हशील नाही, एकच स्पीकर आहे, म्हणून मोनो केलं. एमपीथ्री म्हणून सेव्ह केलं, नाव इंग्रजीत आणि छोटं ठेवलं, कारण काही जुन्या फोनना देवनागरी नावाच्या फाइली दिसत नाहीत.

फोनमध्ये न्यायचं कसं, तर ब्लूटूथ असेल तर स्मार्टफोनवरून सरळ पाठवता येतं. जुना फोन पिन विचारतो, तो बहुधा ०००० किंवा १२३४ असतो. केबलने न्यायचं तर केबल बघून घ्या. स्वस्तातल्या कित्येक केबली नुसत्या चार्जिंगच्या असतात, त्यांत डेटाच्या तारा नसतातच, आणि मग माणूस समजतो की फोनच बिघडलाय. ह्याच गैरसमजावर "सॉफ्टवेअर"ची बिलं फाडली जातात. तेही नको असेल तर कार्ड काढून कार्ड रीडरमध्ये घाला. फार जुने फोन २ जीबीच्या वरचं कार्ड ओळखत नाहीत, त्यानंतरचे बरेचसे ३२ पर्यंत घेतात. तेव्हा ६४ किंवा १२८ चं कार्ड गळ्यात मारायला कुणी बघत असेल तर ते तुमच्या फोनला बहुतेक चालणारच नाही.

आत्याच्या आधी तिच्या नातवाने एक "फुकट रिंगटोन" देणारी साइटही बघितली होती. तिथे मोबाईल नंबर मागत होते, त्याने दिला नाही हे फार बरं झालं. नंबर दिला की रोजचे पैसे कापणारी सेवा चालू करून घ्यायची, हा धंदा जुना आहे. इतक्या तक्रारी झाल्या की ट्रायला २०१३ मध्ये कंपन्यांना बजावावं लागलं, ग्राहकाकडून दुसऱ्यांदा होकार घेतल्याशिवाय अशी सेवा चालू करायची नाही. त्यामुळे आता ही मंडळी तो दुसरा होकारच गोड बोलून काढून घेतात. "१ दाबा" किंवा "आलेला ओटीपी सांगा" असं कुणी म्हटलं तर सांगू नका. चालू झालीच असेल तर बंद करायला १५५२२३ हा नंबर आहे. रिंगटोन बनवणाऱ्या ॲपांचंही तेच. तीन दिवस फुकट म्हणून यूपीआयचं ऑटोपे, म्हणजे आपोआप पैसे कापायची परवानगी, मान्य करून घेतात आणि चौथ्या दिवशी वर्षाचे पैसे वळते होतात. आपल्या यूपीआय ॲपमध्ये ऑटोपेची यादी असते, ती एकदा उघडून बघा.

मी दुकानात गेलो. तपासणीचा निकाल छापून नेला होता आणि आत्याने जपलेलं पाकीट. त्यावर दुकानाचा शिक्का होता, किंमत पेनने लिहिलेली. आधी "कार्डाची गॅरंटी नसते" झालं, मग "बिल दाखवा" झालं. बिल त्यानेच दिलं नव्हतं. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात विकलेल्या मालाची पावती न देणं हीच अनुचित व्यापारी प्रथा धरली आहे, हे मी त्याला सांगितलं. तिथे उभ्या असलेल्या दोघातिघांनी आपापले फोन खिशातून काढून बघायला सुरुवात केली तेव्हा त्याने कार्डाचे ४५० रुपये काउंटरवर ठेवले. बाकीचे देणार नाही म्हणाला. जुनं कार्ड विचारलं तर "कचऱ्यात गेलं". ड्रॉवर उघडून दाखव म्हटलं, तो दाखवेना.

मला सगळ्यात राग आला तो ह्याचा. चांगलं चालणारं कार्ड "गेलंय" म्हणून सांगायचं, म्हातारीसमोर उजेडात धरून बघितल्याचं सोंग करायचं, आणि तेच ठेवून घ्यायचं. उजेडात धरून कार्डातलं काहीही कळत नाही. कुणी असं करताना दिसला तर तिथूनच कार्ड परत घ्या. आणि कुठलंही कार्ड दुकानात न्यायच्या आधी त्यातलं सगळं घरच्या कॉम्प्युटरवर नाहीतर कुणा जवळच्याच्या फोनवर उतरवून ठेवा. आत्यासारख्या माणसांना हे जमत नाही, ते तुम्ही करून द्या.

मंडळातल्या पोरांकडे शोध चालू आहे. ज्याने कार्ड भरून दिलं होतं त्याचा तो फोन पाण्यात पडून गेला. दुसऱ्या एकाकडे काही अभंग मिळाले, एका गावच्या सप्ताहाच्या जुन्या कॅसेटमध्ये दोन निघाले, ते डिजिटल करून घेतले. जे फक्त आत्याच्या कार्डावर होते ते अजून हाती लागलेले नाहीत.

१९१५ ह्या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली आहे. आता जिल्हा ग्राहक आयोगात अर्ज करतो आहोत. आपण राहतो त्या जिल्ह्यातच करता येतो, वकील लागत नाही, पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही आणि घटनेपासून दोन वर्षांची मुदत असते. ज्यांना वाटतं की चार-पाचशे रुपयांसाठी कोण एवढं करेल, त्यांच्यासाठी हे मुद्दाम लिहितो आहे. आत्याने अर्जावर सही केली. त्यातली पहिली मागणी तिने स्वतः सांगितली तशीच लिहिली आहे: माझं जुनं कार्ड मला परत मिळावं.