१९७३ ची म्हणून विकलेली १९७७ ची एमजी

परदेशातून जुनी गाडी भारतात आणायची तर पूर्वी ती १९५० च्या आधी बनलेली असावी लागे, तरच परवान्याची गरज नसे. २०२५ मध्ये नियम बदलला. आता ५० वर्षं पूर्ण झालेली कुठलीही गाडी व्हिंटेज म्हणून आणता येते, आणि दरवर्षी ही मर्यादा एका वर्षानं पुढे सरकते. त्यामुळे साठीच्या दशकातल्या आणि सत्तरीच्या सुरुवातीच्या ब्रिटिश स्पोर्ट्स कार आपल्या आवाक्यात आल्या. उजव्या हाताचं स्टिअरिंग, सुटे भाग अजून मिळतात, यंत्रणा साधी. पण याच नियमामुळे गाडीचं वय हीच मोठी किंमत झाली आहे. ५१ वर्षांची गाडी बंदरातून सुटते आणि ४८ वर्षांची अडकते. फसवणूक नेमकी या फटीत होते.

पुण्यातल्या एका खरेदीदाराला एमजी एमजीबी रोडस्टर, म्हणजे उघड्या छताची ब्रिटिश स्पोर्ट्स कार, हवी होती. मुंबईतल्या दलालानं इंग्लंडमधल्या विक्रेत्याचे फोटो पाठवले: लाल रंग, तारांची चाकं, चकचकीत क्रोम बंपर, १९७३ चं मॉडेल. जहाजाचं भाडं, कस्टम, आरटीओ असं सगळं धरून घरपोच एकच आकडा. गाडी न्हावा शेवाला उतरली आणि तपासणीत ती १९७७ ची निघाली. विक्रेत्याचं, दलालाचं आणि खरेदीदाराचं नाव इथे मुद्दाम दिलेलं नाही. फसवणुकीची रीत मात्र सगळ्यांनी नीट समजून घ्यावी.

एमजीबी १९६२ ते १९८० या काळात इंग्लंडमधल्या ॲबिंग्डनला बनली. १९७४ च्या शरदापर्यंत तिला क्रोमचे बंपर होते. त्यानंतर अमेरिकेतल्या सुरक्षा नियमांमुळे काळे रबरी बंपर आले आणि गाडीची उंची साधारण एक इंचानं वाढवली गेली. क्रोमवाली गाडी शौकिनांना जास्त आवडते, म्हणून रबरी बंपरच्या गाडीला क्रोम लावून देणारे गॅरेजवाले इंग्लंडमध्ये कित्येक वर्षांपासून आहेत. उघड सांगून केलेल्या या कामात काही गैर नाही. पण त्यावर १९७३ च्या भंगारातल्या गाडीची चेसिस नंबरची पट्टी ठोकली आणि तिचेच कागद जोडले, की १९७७ ची गाडी कागदावर १९७३ ची होते.

इथे कागद खोटे नसतात, हे आधी लक्षात घ्या. ते खरे असतात, पण दुसऱ्या गाडीचे. इंग्लंडचं व्ही५सी हे नोंदणीपत्र खरं होतं. तिथल्या सरकारी संकेतस्थळावर नंबर टाकला की उत्पादन वर्ष, रंग आणि इंजिनाची क्षमता जुळत होती. गेडनच्या ब्रिटिश मोटर म्युझियमकडून मिळणारं हेरिटेज प्रमाणपत्रही खरं होतं. पण त्या प्रमाणपत्रात अमुक चेसिस नंबरची गाडी कारखान्यातून कधी आणि कोणत्या रंगात बाहेर पडली एवढंच असतं. समोर उभी असलेली गाडी तीच आहे, असं ते म्हणत नाही. व्ही५सीवर तर स्पष्ट छापलेलं असतं की हा मालकीचा पुरावा नाही. त्यात फक्त नोंदणीकृत ताबेदाराचं नाव असतं. गाडीवर कर्ज बाकी आहे का, याची वेगळी तपासणी पैसे भरून करावी लागते.

म्हणून निवाडा पत्र्यावर करायचा. बॉनेटखालची चेसिस पट्टी रिव्हेटनं बसवलेली असते. रिव्हेट नवे असतील, भोवतीचा रंग तुटलेला असेल, किंवा पट्टी जुनाट आणि पत्रा ताजा रंगवलेला असेल तर तिथेच थांबा. रोडस्टरचा नंबर जीएचएन५ नं सुरू होतो, आणि ३६०३०१ पासून पुढे रबरी बंपरच्या गाड्या. पट्टी बदलली असेल तर या आकड्याचा उपयोग नाही. तेव्हा पट्टी बदलली तरी जे बदलत नाही ते बघा. सीटच्या मागचं झाकण उघडायला सांगा. क्रोमच्या काळातल्या गाडीत सहा-सहा व्होल्टच्या दोन बॅटऱ्या असायच्या, दोन्ही बाजूंना एकेक खण. रबरी बंपरच्या गाडीत बारा व्होल्टची एकच बॅटरी आणि एकच खण. पुष्कळ मालकांनी जुन्या गाडीतही नंतर एकच बॅटरी बसवली, पण दुसऱ्या बाजूचा रिकामा खण तिथेच राहतो. तो नसेल तर गाडी १९७३ ची नाही. दुसरी खूण इंजिनाच्या माउंटिंगची. जुन्या गाडीत ती पुढच्या आडव्या क्रॉसमेंबरवर असतात, नंतरच्या गाडीत चेसिसच्या उभ्या रेल्सवर. तिसरी खूण रेडिएटरची. १९७७ च्या मॉडेलपासून तो पुढे सरकवून विजेचे पंखे लावले गेले. पुण्याच्या त्या गाडीत पंखे विजेचेच होते आणि फोटोत ते दिसतही होते. दलालानं सांगितलं, ‘सुधारणा केली आहे.’ विजेचा पंखा मागाहून बसवता येतो, हे खरं. रेडिएटर मात्र कुणी गंमत म्हणून पुढे सरकवत नाही.

वय खरं असलं तरी पत्रा फसवतो. एमजीबीला वेगळी चेसिस नाही, सगळा भार दाराखालच्या सिलवर असतो. आतली सिल, बाहेरची सिल आणि खालून दातेरी दिसणारी कॅसल रेल हे सगळं मिळून ती पेटी बनते. ती आतून सडते. स्वस्तातली दुरुस्ती म्हणजे सडलेल्या पत्र्यावर नवी कव्हर पट्टी वेल्ड करायची, वर पुटी, वर रंग. गाडीखाली कॅमेरा घालून कॅसल रेलची दातेरी कड मागा. ती दिसत नसेल तर वर कव्हर आहे असं समजा. मऊ कापडात गुंडाळलेलं लोहचुंबक सिलच्या खालच्या चार इंचांत फिरवायला सांगा, पुटी असेल तिथे ते धरत नाही. मग गाडी एका बाजूनं जॅकवर उचलून दार उघडायला लावा. फट वर आवळली आणि दार अडकलं, तर बॉडी वाकते आहे. याचा अखंड व्हिडिओ हवा, मध्ये तुटलेला नको. त्याहून चांगलं म्हणजे तुम्ही निवडलेला आणि तुम्ही पैसे दिलेला तिथला तपासनीस. विक्रेत्यानं सुचवलेला माणूस नको. गाडीच्या नंबरवरून तिथल्या एमओटी, म्हणजे रस्त्यावर चालवण्याच्या योग्यतेच्या वार्षिक चाचण्यांचा इतिहासही फुकट दिसतो. चाळीस वर्षांवरच्या गाड्यांना २०१८ पासून बहुतेक वेळा चाचणीची सक्ती नाही, पण त्याआधीचे शेरे राहतात. ‘सिल गंजलेली’ असा शेरा असेल आणि दुरुस्तीचं बिल नसेल तर पुढे जाऊ नका.

आता पैसे. दलालानं खरेदीदाराला दोन गोष्टी करायला लावल्या, दोन्ही घातक. पहिली, इनव्हॉइसमध्ये गाडीची किंमत निम्मी दाखवायची, म्हणजे कस्टम ड्यूटी वाचेल. शुल्क आणि जीएसटी मिळून गाडीच्या किमतीपेक्षाही बरेच जास्त होतात, त्यामुळे मोह होतो. पण बिल ऑफ एंट्रीवर, म्हणजे कस्टमला द्यायच्या आयातीच्या घोषणापत्रावर, आयातदार म्हणून नाव तुमचं असतं, दलालाचं नाही. किंमत खोटी ठरली तर सीमाशुल्क कायद्याच्या कलम १११ खाली गाडी जप्त होऊ शकते, कलम ११४ए खाली बुडवलेल्या शुल्काइतका दंड बसू शकतो, आणि मुद्दाम दडवल्याच्या प्रकरणात नोटीस पाच वर्षांपर्यंत येऊ शकते. दुसरी गोष्ट, उरलेली रक्कम कुटुंबाच्या खर्चासाठी म्हणून नातेवाइकांच्या खात्यांतून पाठवायची. आयातीचे पैसे आयातीचे म्हणूनच बँकेतून जायला हवेत. आगाऊ रक्कम पाठवली की बँक नंतर बिल ऑफ एंट्री मागते, आणि ती कटकटीची वाटणारी चौकशीच पुढे तुमच्या बाजूचा पुरावा ठरते.

काही जणांची तर गाडी निघतच नाही. सौदा ठरल्यावर विक्रेत्याच्या पत्त्याशी मिळत्याजुळत्या पत्त्यावरून मेल येतो की खातं बदललंय. ब्रिटिश बँकेचा आयबॅन, म्हणजे खात्याचा आंतरराष्ट्रीय क्रमांक, अक्षरं आणि आकडे मिळून बावीस खुणांचा असतो आणि जीबीनं सुरू होतो. विक्रेता इंग्लंडमधल्या केंटचा आणि खातं तिसऱ्याच देशातलं, असं दिसलं तर आधीपासून तुमच्याकडे असलेल्या फोनवर विचारा, मेलमध्ये दिलेल्या नंबरवर नाही. पैसे गेले असतील तर त्याच दिवशी आपल्या बँकेला ते परत बोलवायला सांगा आणि सायबर फसवणुकीच्या १९३० या हेल्पलाइनवर तक्रार नोंदवा. तास जितके जातात तितकी रक्कम पुढच्या खात्यांत पसरते.

खोटी बिल ऑफ लेडिंग, म्हणजे माल जहाजावर चढवल्याची जहाज कंपनीची पावती, पकडायला कंटेनरचा नंबर उपयोगी पडतो. चार अक्षरं, सहा आकडे आणि शेवटी एक तपासणीचा आकडा. अक्षरांना ए म्हणजे १०, बी म्हणजे १२ अशा किमती असतात, ११, २२ आणि ३३ गाळून. पहिल्या खुणेला १ नं, दुसरीला २ नं, तिसरीला ४ नं असं दहावीला ५१२ पर्यंत दुप्पट करत गुणा, बेरीज करा, ११ नं भागा. उरलेली बाकी हाच शेवटचा आकडा (बाकी १० आली तर ०). सीएसक्यूयू ३०५४३८ ची बेरीज ६१८५ येते, बाकी ३, म्हणून पूर्ण नंबर सीएसक्यूयू ३०५४३८ ३. मनानं रचलेले नंबर बहुतेक वेळा इथेच पडतात. नंबर बरोबर आला तरी जहाज कंपनीच्या स्वतःच्या संकेतस्थळावर तो शोधा, दलालानं पाठवलेल्या लिंकवर नाही. गाडी भरताना कंटेनरचा नंबर, सीलचा नंबर आणि गाडी एकाच चौकटीत दिसतील असा फोटो मागा. विम्यात ‘ऑल रिस्क’ लिहिलंय का तेही वाचा. फक्त संपूर्ण नुकसानीचा विमा असेल तर वाटेत चेपलेल्या बॉनेटचा एक पैसा मिळत नाही.

दलाल ‘आणल्यावर रोज चालवा’ म्हणत असेल तर तेही खोटं आहे. २०२१ च्या व्हिंटेज नियमांप्रमाणे नोंदणीच्या अर्जाबरोबर (फॉर्म २०) बिल ऑफ एंट्री आणि विमा लागतो, शुल्क २०,००० रुपये, नोंदणी १० वर्षांची, आणि नंबरात ‘व्हीए’ ही अक्षरं येतात. अशी गाडी प्रदर्शन, रॅली, इंधन भरणं आणि दुरुस्ती अशा ठरावीक कामांसाठीच रस्त्यावर काढता येते.

आणि गाडी बंदरात अडकलीच असेल, तर वाद सुटेपर्यंत थांबू नका. तिथे दोन मीटर एकाच वेळी पळत असतात: कंटेनर फ्रेट स्टेशनचं, म्हणजे कंटेनर ठेवतात आणि उघडतात त्या आवाराचं, जागाभाडं आणि जहाज कंपनीचं कंटेनर अडवल्याचं भाडं. कस्टमची परवानगी घेऊन गाडी कंटेनरमधून उतरवा आणि रिकामा कंटेनर परत करा, दुसरा मीटर तिथेच थांबतो. पहिल्यासाठी सीमाशुल्क कायद्याच्या कलम ४९ खाली गाडी गोदामात ठेवण्याची परवानगी मागा. ती तीस दिवसांची मिळते आणि वाढवता येते. अर्ज लेखी द्या, पोच घ्या, आणि हे काम त्याच दलालाच्या हाती देऊ नका. परवाना असलेला दुसरा कस्टम ब्रोकर गाठा आणि त्याचा परवाना क्रमांक आधी कस्टम हाउसकडे तपासा.