आयएसओ ९००१ की आयएटीएफ १६९४९? कुपवाडच्या मशीन शॉपवाल्यांसाठी

कुपवाड-मिरज एमआयडीसीत सीएनसीवर शाफ्ट, बुश, फ्लँज काढणाऱ्याला परदेशी चौकशी आली की हा प्रश्न येतोच: कोणत्याही उद्योगाला चालणारं गुणवत्ता व्यवस्थापनाचं आयएसओ ९००१ प्रमाणपत्र घ्यायचं, की खास वाहन उद्योगासाठीचं आयएटीएफ १६९४९? माझं मत असं, की आधी आपला माल शेवटी कुठे बसतो ते बघा.

माल फक्त आफ्टरमार्केटला, म्हणजे दुकानातून विकल्या जाणाऱ्या सुट्या भागांत जात असेल, तर आयएटीएफचा विषय तिथेच संपतो. अशा कारखान्याला ते प्रमाणपत्र मिळतच नाही. आयएसओ ९००१ घ्या आणि वाचलेला पैसा गेज रूममध्ये, म्हणजे मोजमापाच्या साधनांत घाला.

गाडी बनवणाऱ्या कंपनीच्या लाइनवर तिच्या ड्रॉइंगचा भाग थेट जात असेल, तर आज ना उद्या आयएटीएफ मागितलं जाणारच. त्यात आयएसओ ९००१ च्या सगळ्या अटी आहेतच, वर वाहन उद्योगाच्या वेगळ्या. खरी मेहनत तिथे लागते. एक उदाहरण घ्या. शाफ्टला २० मायक्रॉन टॉलरन्स आहे, म्हणजे मापात तेवढाच फरक चालतो. तोच शाफ्ट तीन ऑपरेटरांनी पुन्हा पुन्हा मोजला आणि नुसत्या मोजण्यातली तफावतच ६ मायक्रॉनच्या वर निघाली, तर एमएसएच्या, म्हणजे मोजणी कितपत भरवशाची आहे ते तपासण्याच्या पद्धतीच्या, रूढ निकषाने ती मोजणी नापास. मशीन कितीही भारी असो, चांगला माल रिजेक्ट होणार आणि खराब माल पुढे जाणार. आयएसओ ९००१ मध्ये गेजचं कॅलिब्रेशन मागतात, पण इतक्या खोलात कोणी शिरत नाही. शिवाय आयएटीएफसाठी बारा महिन्यांच्या अंतर्गत ऑडिटच्या आणि कामगिरीच्या नोंदी लागतात. ऑर्डर हातात आल्यावर धावपळ करून त्या तयार होत नाहीत.

आपल्याकडचे बरेच जण मोठ्या पुरवठादाराचं जॉबवर्क करतात. त्यांनी आयएसओ ९००१ पासूनच सुरुवात करावी. ग्राहकाने वेगळं ठरवलं नसेल तर आयएटीएफवाला पुरवठादार आपल्या खालच्याकडून निदान तेवढं मागतो, आणि पुढे आयएटीएफकडे सरकण्याची अपेक्षा ठेवतो.

ऑडिट न करता प्रमाणपत्र देणाऱ्याला दारातूनच परत पाठवा. आयएटीएफ प्रमाणपत्र तर फक्त आयएटीएफ या वाहन उद्योगाच्या आंतरराष्ट्रीय गटाने मान्य केलेल्या संस्थाच देऊ शकतात, आणि परदेशी खरेदीदार ते पडताळतो. सल्लागाराला पैसे देण्याआधी खरेदीदाराकडून लेखी घ्या: कोणतं प्रमाणपत्र, कोणत्या भागांसाठी आणि कधीपर्यंत.