दुरून देखरेख: अमेरिकेतील लॅब आणि आपल्याकडील लॅब

तालुक्याच्या गावातील लॅबच्या रिपोर्टवर शहरात बसून डिजिटल सही करण्याचे काम घ्यावे की नाही, असा प्रश्न पडलेल्या पॅथॉलॉजिस्टला ‘अमेरिकेत तर सगळे दुरूनच चालते’ हा युक्तिवाद हमखास ऐकवला जातो. तो अर्धाच खरा आहे.

अमेरिकेत रुग्णांच्या तपासण्या करणाऱ्या लॅब १९८८च्या ‘क्लिया’ या केंद्रीय कायद्याखाली येतात. मध्यम किंवा उच्च गुंतागुंतीच्या तपासण्या करणाऱ्या लॅबच्या संचालकाने रोज हजर राहावे, अशी अट तेथे नाही. गरजेप्रमाणे प्रत्यक्ष, दूरध्वनीवर किंवा इलेक्ट्रॉनिक माध्यमातून तो सल्ल्याला उपलब्ध असला पाहिजे, आणि अशा जास्तीत जास्त ५ लॅब त्याला सांभाळता येतात. मात्र २८ डिसेंबर २०२४पासून त्याने दर ६ महिन्यांत किमान एकदा लॅबमध्ये जाणे आणि दोन भेटींत किमान ४ महिन्यांचे अंतर ठेवणे सक्तीचे झाले आहे. डिसेंबरअखेर एक आणि जानेवारीच्या आरंभी दुसरी फेरी मारून वर्षाची सोय लावण्याची पळवाट त्यामुळे बुजली. शिवाय संचालक दूर असला, तरी तपासणी करणाऱ्या प्रत्येकाचे काम कोणीतरी प्रत्यक्ष पाहून त्याची क्षमता पहिल्या वर्षी दोनदा आणि नंतर दरवर्षी तपासावी लागते. कामे सोपवता येतात. जबाबदारी संचालकाचीच राहते.

आपल्याकडे सगळा भार सहीवर आहे. रिपोर्टवर पॅथॉलॉजीतील पदव्युत्तर पात्रता असलेल्या नोंदणीकृत डॉक्टरचीच सही असावी, ही भूमिका सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०१७मध्ये उचलून धरली. केंद्राच्या २०१० सालच्या क्लिनिकल एस्टॅब्लिशमेंट कायद्याखालील नियमांत लॅबचे स्तर आणि त्यांना लागणारे मनुष्यबळ ठरवून दिले आहे; पण महाराष्ट्राने तो कायदा स्वीकारलेला नाही. म्हणजे अमेरिकी संचालकाच्या पाठीशी भेटी, नोंदी आणि नेमून दिलेले पर्यवेक्षक असतात, तर येथे सही करणाऱ्याला ती चौकट स्वतःच उभी करावी लागते.

कोणत्या तपासण्या दुरून पाहायच्या, यावरही बरेच अवलंबून आहे. हिस्टोपॅथॉलॉजीच्या, म्हणजे सूक्ष्मदर्शकाखालील ऊतींच्या तपासणीच्या, स्लाइडची प्रतिमा चांगली असेल, तर ती घरून वाचता येते. अमेरिकेने कोविडकाळात दिलेली ही सवलत पुढेही चालू ठेवली. क्वालिटी कंट्रोलचे, म्हणजे उत्तर आधीच माहीत असलेले नमुने चालवून मशीनची अचूकता पाहण्याचे, आलेखही पडद्यावर दिसतात. परंतु गुठळी झालेला नमुना मशीनवर चढवला गेला, नळीवर दुसऱ्याच रुग्णाचे नाव लागले किंवा मुदत संपलेले रसायन वापरले गेले, तर अंतिम आकडे पाहणाऱ्याला बहुधा त्याचा सुगावाही लागत नाही, आणि छोट्या लॅबमधील बहुतेक घोटाळे याच टप्प्यावर होतात.

म्हणून प्रशिक्षित टेक्निशियन, कंट्रोलच्या नोंदी रोज पाहण्याची मुभा, रिपोर्ट रोखून धरण्याचा अधिकार आणि ठरावीक भेटी हे करारात लिहून मिळत असेल, तर काम विचारात घ्यावे. भेटींचे अंतर मात्र अमेरिकेच्या ६ महिन्यांवरून ठरवू नये, माझ्या मते ते एका महिन्यापेक्षा जास्त असू नये. केवळ सहीचा नमुना आणि महिन्याच्या मानधनाचा आकडा पुढे केला जात असेल, तर नकार द्यावा.