कडी-कोयंड्याला चिंच लावावी की पॉलिश?

गिरगावच्या खोलीचं सागवानी दार, त्यावर पितळी कडी, कोयंडा आणि मूठ. सगळं इतकं काळवंडलेलं की पाहुण्यांना लोखंडी वाटायचं. खारी हवा, त्यात चार महिन्यांचा पाऊस. मुंबईत पितळ फार दिवस पिवळं राहत नाही.

घासायच्या आधी फ्रिजवरचा लोहचुंबक लावून बघा. घट्ट चिकटला तर आत लोखंड आणि वर पितळेचा मुलामा. तो घासाल तर मुलामाच जाईल, ओल्या फडक्याने पुसून गप्प बसा.

अस्सल पितळ असेल तर आजीची चिंच झटपट काम करते. कोळात मीठ घालून चोळलं की काळा थर पाच मिनिटांत सुटतो, कोयंड्याच्या खाचेतला हिरवा कळंकही निघतो. पण दोन खोड्या आहेत. कोळ तासभर तसाच राहिला तर पितळेतलं जस्त आधी विरघळतं आणि तांब्याचे गुलाबी डाग वर येतात. दुसरी खोडी मला महागात पडली. कडी दारावरच असताना मी कोळ लावला, ओघळ लोखंडी स्क्रूवरून सागवानावर उतरला आणि दुसऱ्या दिवशी तिथे शाईसारखी काळी रेघ. ती अजून आहे. म्हणून चिंच फक्त उघडून काढलेल्या वस्तूंना. मग साबणाने धुवा आणि लगेच कोरडं करा.

ब्रासोसारखं द्रव पॉलिश हळू चालतं, हात भरून येतात, वासही उग्र. मात्र ओघळत नाही. जुन्या बनियनच्या तुकड्यावर थोडंसं घ्यायचं, बाजूच्या लाकडाला चिकटपट्टी लावायची आणि हवं तिथे थांबायचं. मुठीचा कोपरा जरा गडद ठेवला तर जुनेपण शोभतं. नक्षीत पांढरी भुकटी अडकते, ती जुन्या टूथब्रशने काढा. दारावरून न निघणाऱ्या वस्तूंसाठी माझं मत यालाच.

पितळ ठिपक्याठिपक्यांनी काळं पडलं असेल तर त्यावर बहुधा लॅकर, म्हणजे चमक टिकवणारा पारदर्शक लेप, आहे. तो अॅसिटोनने उतरवल्याशिवाय चिंच नाही की पॉलिश नाही.

दुकानातलं बफिंग आरशासारखं चमकतं, पण फिरत्या चाकाखाली नक्षीची धार बोथट होते. साध्या कडीला चालेल, कोरीव मुठीला नको.

यातलं काहीही केलं तरी शेवटी मेणाचा पातळ हात द्या. लॅकर जास्त टिकतो, पण एकदा सोलायला लागला की सगळा उतरवावा लागतो.

आता बिजागऱ्या उरल्यात. त्यांच्यावर चाळीच्या प्रत्येक रंगकामाचा ऑइलपेंट आहे. जुन्या रंगात शिसं असू शकतं, म्हणून सँडपेपर नाही. भंगारातल्या पातेल्यात धुण्याचा सोडा घालून त्या उकळणार आहे, गॅलरीत. आधी दार धरायला कुणीतरी हवं.