काळी गाडी, बेज लेदर आणि कोल्हापूरचे अकरा महिने

गाडी बीएमडब्ल्यू ५ सिरीज, २०१८ची. बाहेरून काळी मेटॅलिक, आतून बेज लेदर. गेल्या जानेवारीत सेकंड हँड घेतली. फेब्रुवारीत पेंट करेक्शन (रंगावरचे चरे मशीनने घालवणं) करून सिरॅमिक कोटिंग (रंगावर बसणारा पातळ संरक्षक थर) करून घेतलं, बोनेट, पुढचा बंपर आणि दोन्ही आरशांवर पीपीएफ, म्हणजे रंग वाचवणारी पारदर्शक फिल्म, लावली, सीटांचीही सफाई करून त्यांना लेदर कोटिंग मारलं. पेंट आणि कोटिंगचे ३८ हजार, पीपीएफचे ४६ हजार, आतल्या कामाचे ९ हजार. आता त्याला अकरा महिने होत आले. कोटिंग झालं त्या दिवशी कुठलीही गाडी आरशासारखीच दिसते, त्यामुळे त्या दिवसाच्या फोटोंवरून काहीच कळत नाही. माझ्या गाडीने या अकरा महिन्यांत कोल्हापूरचं ऊन, जोतिबाचा गुलाल, चार महिन्यांचा पाऊस, दसरा आणि आता ऊस हंगाम असं सगळं सोसलंय. म्हणून आत्ता लिहितोय.

गाडी घेताना दुपारच्या सावलीत छान दिसली होती. घरी आणली आणि रात्री मोबाईलचा टॉर्च बोनेटवर धरला तेव्हा पोटात खड्डा पडला. उजेडाभोवती गोल गोल, कोळ्याच्या जाळ्यासारखे बारीक चरे. अख्ख्या गाडीवर. हे अपघाताने पडत नाहीत, धुण्याने पडतात. एकाच फडक्याने रोज कोरडी धूळ पुसली की प्रत्येक पुसण्यागणिक हे जाळं दाट होत जातं. पांढऱ्या, चंदेरी गाडीवर ते खपून जातं, काळ्या रंगावर काही लपत नाही.

डिटेलिंगवाल्याकडे, म्हणजे हे पॉलिश-कोटिंगचं काम करणाऱ्याकडे, गेलो तेव्हा त्याने आधी रंगाची जाडी मोजायचं मीटर लावलं. बहुतेक ठिकाणी ११५ ते १३० मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) आले, कंपनीतून येणाऱ्या रंगाची जाडी साधारण तेवढीच असते. मागच्या उजव्या दारावर मात्र २४० आले. म्हणजे ते दार पुन्हा रंगवलेलं. विकणाऱ्याने ‘एक डेंट नाही, एक टचअप नाही’ असं छातीठोक सांगितलं होतं. ते दार बघून मन खट्टू झालं, पण एक धडा मिळाला: महागडी जुनी गाडी घ्यायच्या आधी हजार-पाचशे देऊन हे मीटर लावून घ्या. मी नंतर लावलं.

त्या ११५-१३० मायक्रॉनमध्ये वरचा पारदर्शक थर, म्हणजे क्लिअर कोट, साधारण ४०-५० मायक्रॉनचाच असतो. आपला केस त्याहून जाड असतो. उन्हापासून खालचा रंग वाचवायचं काम तोच थर करतो. चरे घालवणं म्हणजे चऱ्यांच्या खोलीपर्यंत हा थर मशीनने घासून समतल करणं, आणि गेलेला थर परत येत नाही. म्हणून जो दुकानदार ‘दर सहा महिन्यांनी रबिंग-पॉलिश करून देतो, गाडी कायम नवी’ म्हणतो, त्याला मी हात जोडतो. गाडीच्या आयुष्यात नीट पॉलिश दोन-तीनदा, बस. माझ्या गाडीला दोन दिवस पॉलिश चाललं. आधी क्ले (मातीसारखा मऊ, चिकट गोळा) फिरवून रंगात रुतलेले कण काढले, चाकांवर आणि दारांच्या खालच्या भागावर लोह काढणारा स्प्रे मारला. तो ब्रेकच्या धुळीतल्या लोखंडाला लागला की जांभळा होतो आणि कुजक्या अंड्यासारखा वास सुटतो. माझ्या चाकांवरून जांभळे ओघळ वाहताना मी बघत उभा होतो. एवढं लोखंड गाडीला चिकटून बसलंय याची कल्पनाच नव्हती.

कोटिंगच्या बाबतीत सगळ्यात जास्त फसवणूक ‘९ एच’ या शब्दात आहे. दुकानात त्यावर लायटर फिरवून, किल्ली ओढून दाखवतात. ९ एच ही पेन्सिलीच्या शिशाच्या कडकपणाची मोजपट्टी आहे, हिऱ्या-दगडाच्या कडकपणाची नाही. कोटिंगचा थर एक-दोन मायक्रॉनचा. तो दगड अडवणार नाही, दुचाकीच्या हँडलचा ओरखडा अडवणार नाही, घाणेरड्या फडक्याचे चरेही पुरते अडवणार नाही. मग करतो काय? घाण घट्ट बसू देत नाही. पाणी गोळा होऊन घरंगळतं आणि जाताना धूळ घेऊन जातं. त्यामुळे गाडी धुताना घासावं कमी लागतं, आणि घासणं कमी म्हणजे चरे कमी. माझ्या दृष्टीने कोटिंगचा सगळा फायदा या एका वाक्यात आहे. हे समजून पैसे घाला, समाधान मिळेल. चिलखत समजून घातलेत तर पहिल्याच महिन्यात हिरमोड होईल.

दगडांसाठी पीपीएफ. पुणे-कोल्हापूर रस्त्यावर कागल ते साताऱ्यापर्यंत सहा पदरी रुंदीकरणाचं काम, जागोजागी वळवलेली वाहतूक, खडी वाहणारे डंपर. माझी महिन्यातून दोनदा तरी पुण्याला फेरी होते. बोनेटच्या पीपीएफवर आज दोन ठिकाणी टोचे दिसतात, खालचा रंग शाबूत आहे. पुढच्या चाकावरच्या पत्र्यावर, जिथे फिल्म लावली नाही, तिथे तीन टवके उडालेत, त्यातला एक प्राइमरपर्यंत, म्हणजे रंगाखालच्या अस्तरापर्यंत. फिल्म १५०-२०० मायक्रॉन जाड असते, दगडाचा मार ती स्वतःवर घेते. बारीक चरे उन्हात तापली की आपोआप भरून येतात, हे मी एप्रिलच्या उन्हात डोळ्यांनी पाहिलंय. पैसे कमी असतील तर कोटिंग सोडा, पुढच्या भागाला फिल्म लावा. आधी मी याच्या उलट सांगितलं असतं.

चैत्रात जोतिबाला गेलो. गाडी बरीच लांब लावली होती, तरी परत येऊन बघतो तर काळ्या बोनेटवर आणि काचेच्या खाली बोटभर गुलाबी थर. यात्रेत गुलाल उधळतातच, त्याचं वाईट वाटायचं कारण नाही, चांगभलं म्हणायचं. बरोबरचा भाचा रुमाल काढून पुसायला निघाला होता, मी ओरडूनच थांबवलं. गुलाल कोरडा पुसला की त्याच्यात मिसळलेली माती सँडपेपरसारखी घासत जाते. तसाच घरी आलो, वाटेत वाऱ्याने निम्मा उडाला, मग लांबूनच पाण्याचा फवारा, मग शाम्पूचा फेस दहा मिनिटं, मग पुन्हा पाणी. हात न लावता नव्वद टक्के गेला. उरला तो मऊ मिटने, म्हणजे गाडी धुवायच्या हातमोजाने. रंगावर गुलाबी झाक अजिबात राहिली नाही. कोटिंगचे पैसे वसूल झाले असं मला पहिल्यांदा त्या दिवशी वाटलं.

मे महिन्यात मात्र तोंडावर आपटलो. पाणीटंचाईमुळे बोअरच्या पाण्याने गाडी धुतली, आणि मी नसताना ती भर दुपारी उन्हात तशीच वाळली. बोअरच्या पाण्यात कॅल्शियम, मॅग्नेशियमचे क्षार. पाणी उडून गेलं, क्षार राहिले, काळ्या छतावर शेकडो पांढरी वर्तुळं. यात कोटिंगने उलट भर घातली, कारण पाणी पसरण्याऐवजी त्याचे टपोरे थेंब होऊन बसतात आणि प्रत्येक थेंब आपला ठसा सोडतो. साध्या व्हिनेगरमध्ये तेवढंच पाणी घालून, सावलीत, गार पत्र्यावर, एकेक भाग पुसून लगेच धुतला. बहुतेक डाग गेले. छतावर एक जागा अजून आहे, पण ती पक्ष्याच्या विष्ठेची. पिंपळाखाली एक दुपार गाडी उभी राहिली होती. विष्ठा आम्लधर्मी, आणि पत्रा तापलेला असताना क्लिअर कोट मऊ पडतो, त्यामुळे ती आत शिरते. कोटिंग असूनही शिरली. आता गाडीत पाण्याची बाटली आणि एक जुना मऊ कपडा ठेवतो. विष्ठा दिसली की ओला कपडा पाच मिनिटं वर ठेवायचा, भिजली की उचलून घ्यायची. नखाने खरवडायची नाही.

गाडी पुसायला येणारे मामा रोज सकाळी आठ गाड्या करतात, एकच बादली, एकच फडकं. त्यांना थांबवावंसं वाटलं नाही, माणूस चांगला आहे, आमच्याकडे पाच वर्षं येतात. मी दोन बादल्या घेतल्या, एक शाम्पूची आणि एक फडकं खळबळायची, दोन्हींच्या तळाला जाळी, म्हणजे खाली बसलेली माती परत वर येत नाही. मायक्रोफायबरचे वेगळे कपडे दिले, चाकांचे निळे, बाकीचे पिवळे. आणि सांगितलं, मामा, रोज पुसू नका, आठवड्यातून एकदाच करा, पण नीट करा, पैसे तेवढेच देईन. सुरुवातीला त्यांना पटेना, काम न करता पैसे कसे घ्यायचे म्हणून. आता तेच मला दाखवतात, ‘साहेब, इथं जरा चिमटीएवढी माती हाय, आधी पाणी मारूया.’ अकरा महिन्यांनी टॉर्च धरला तर मोजून चार-पाच बारीक रेघा दिसतात. याचं श्रेय मी कोटिंगपेक्षा मामांना देईन.

आता लेदर. इथे मला घरातूनच विरोध झाला. वडिलांचं म्हणणं, चामड्याला तेल पाजल्याशिवाय ते टिकत नाही, एरंडेल लाव. त्यांचं बरोबरच आहे, पण कोल्हापुरी चपलेच्या बाबतीत. ते चामडं बाभळीची साल आणि हिरड्यात कमावलेलं असतं, उघडं असतं, तेल पितं. गाडीच्या सीटचं लेदर बहुधा क्रोममध्ये (क्रोमियमच्या क्षारांत) कमावलेलं, वर रंगाचा थर, त्यावर पॉलियुरेथेनचं पारदर्शक आवरण. तेल आत शिरतच नाही, वर बसतं, धूळ धरतं, आणि उन्हात चिकट होतं. थेंबभर पाणी टाकून बघा, गोळा होऊन बसलं तर वर आवरण आहे. माझ्या सीटवर तसंच झालं. वडिलांनाही बोलावून दाखवलं, तेव्हा ते म्हणाले, ‘मग ह्याला पुसायचंच काय ते.’ अगदी तेच. या लेदरला पुसणं लागतं.

पहिल्या सफाईच्या वेळी ड्रायव्हर सीटच्या कडेवर लेदर क्लीनरचा फेस करून मऊ ब्रश फिरवला, तर फेस चहासारखा तपकिरी झाला. मला वाटायचं सीट चमकते म्हणजे चांगली आहे. ती चमक माणसांच्या घामाची आणि तेलाची होती. साफ झालेलं लेदर मॅट दिसतं, हाताला कोरडं आणि मऊ लागतं. लेदर कोटिंगचा खरा उपयोग मला नवीन जीन्सच्या निळ्या डागांबाबत झाला. बेज सीटवर निळसर झाक यायची ती आता क्लीनरच्या एका हाताने निघते. पण ते टिकतंही कमी. ड्रायव्हर सीटवर सहाव्या महिन्यापासून डाग पुन्हा चिवट झाले, बाकीच्या सीटांवर अजून असर आहे. दरवेळी सरकत आत बसायची सवय मोडली, तेवढ्यानेही कडेची घडी वाढायची थांबली.

ऑगस्टमध्ये सलग पाऊस आणि घरात आजारपण, त्यामुळे गाडी तीन आठवडे हलली नाही. वर प्लास्टिकचं कव्हर, तेही मीच घातलेलं. दार उघडलं तर कोंदट वास, स्टिअरिंगवर, सीटबेल्टवर आणि मागच्या सीटवर पांढरे बुरशीचे ठिपके. कोटिंग असो नसो, दमट कोंडलेली हवा मिळाली की बुरशी येणार. सगळी दारं उघडून, मास्क लावून, बाहेर उजेडात क्लीनरने दोनदा पुसलं, मग एसी लावून अर्धा तास गाडी फिरवली. ते कव्हर टाकून दिलं. पावसाळ्यात आता गाडी वापरायची नसली तरी दर चार दिवसांनी अर्धा तास एसी लावून फिरवायची, हे ठरलेलं.

दसऱ्याची गोष्ट सांगायची म्हणूनच खरं तर लिहायला बसलो. पूजेला आईने बोनेटवर कुंकवाचं स्वस्तिक काढलं. मी काही बोललो नाही, पूजा ती पूजाच. झेंडूची माळ तेवढी तारेऐवजी सुती दोऱ्याने ओवून जाळीला बांधली, म्हणजे बोनेटवर घासत नाही. संध्याकाळी पाणी मारलं, स्वस्तिक फिल्मवरून सहज निघालं. पण देवळातून येताना मागच्या सीटवर हळदीकुंकवाचा करंडा कलंडला. बेज लेदरवर हळद! बहीण म्हणाली, साबण लाव. मी कडेला, जिथे दिसत नाही तिथे, साबणाचं बोट लावून बघितलं, आणि पिवळा डाग डोळ्यांदेखत लाल झाला. आई मागून बघत होती. म्हणाली, ‘अरे, हळदीला चुना लागला की कुंकूच होतं, साबण तसलाच.’ साबण अल्कधर्मी असतो, आणि डिटेलिंगवाले सारखं ‘पीएच न्यूट्रल, पीएच न्यूट्रल’ (ना आम्ल, ना अल्कली) का म्हणतात ते मला त्या क्षणी समजलं. मग व्हॅक्यूमने कोरडी पूड ओढून घेतली, न्यूट्रल क्लीनरने तीनदा हलकं पुसलं, फिकट पिवळी झाक उरली. आईच म्हणाली, उन्हात ठेव, हळदीचा डाग उन्हाने जातो. तीन दिवस सकाळच्या उन्हात मागचं दार उघडं ठेवलं. चौथ्या दिवशी डाग शोधावा लागला.

नोव्हेंबरपासून साखर कारखान्याची काळी राख पडतेय. बगॅसची, म्हणजे उसाच्या चिपाडाची, ही राख हलकी असते, कोटिंगवर बसत नाही, फवाऱ्याने जाते. हातात फडकं असेल तरी त्या सकाळी वापरायचं नाही एवढंच.

तक्रारी दोन. मागच्या डाव्या दारावर कोटिंगचा एक पट्टा नीट पुसला गेला नव्हता, धुरकट डाग वाळून बसला होता. तो काढून द्यायला मला चार हेलपाटे घालावे लागले. घेताना उन्हात आणि टॉर्चखाली, दोन्हीत गाडी तपासा, मगच शेवटचे पैसे द्या. दुसरी, पाच वर्षांची वॉरंटी. ती टिकवायची तर दर सहा महिन्यांनी साडेतीन हजारांची सर्व्हिस घ्यायची अट होती, ती पावतीच्या मागे बारीक अक्षरात. पहिली सर्व्हिस मी घेतली, तीत धुणं आणि वरचा एक स्प्रे यापलीकडे काही नव्हतं. दुसरी फेब्रुवारीत आहे, ती घेणार नाही. तोच स्प्रे अकराशे रुपयांना मिळतो आणि मामा तो माझ्यापेक्षा हलक्या हाताने मारतात. वाचलेल्या पैशांत पुढच्या चाकांवरचे दोन्ही पत्रे फिल्मखाली घ्यायचे आहेत, आधी ते तीन टवके भरून.