जुन्या २४० झेडचे पुढचे शॉक: गॅसचे की तेलाचे?

डॅटसन २४० झेड या जुन्या जपानी स्पोर्ट्स कारचे पुढचे स्ट्रट, म्हणजे स्प्रिंग आणि शॉक एकत्र असलेले खांब, उघडायचं एकदा ठरलं की खरा प्रश्न एकच उरतो. आत गॅसचे इन्सर्ट (स्ट्रटच्या नळीत बसणारे तयार शॉक) घालायचे, की तेलाचे, स्प्रिंगेच्या हालचालीवरचा ताबा कमी-जास्त करता येणारे? माझी गाडी १९७२ची. कॅलिफोर्नियात, सॅन होजेला असते. तिच्यात मी दोन्ही वापरून झालेत, आधी गॅसचे आणि दीड वर्षानं तेलाचे. स्प्रिंगा मूळच्याच मापाच्या आणि चाकं १४ इंची, हे आधीच सांगून ठेवतो, कारण पुढचं सगळं त्यावर अवलंबून आहे.

गॅसच्या बाजूनं बोलायचं तर बरंच आहे. मला ते जवळपास निम्म्या किमतीत मिळाले आणि बसवायलाही सोपे गेले. त्यांचा दांडा आपोआप वर येऊन उभा राहतो, त्यामुळे स्प्रिंग दाबून धरली की वरचा नट सरळ लागतो. तेलाच्या इन्सर्टचा दांडा हळूच खाली बसतो. तो चिमटीत धरून वर ओढायचा, दुसऱ्या हातानं वरची वाटी बसवायची आणि नट पकडायचा, यासाठी सोबत कुणीतरी हवंच. माझ्या मुलीनं नट धरला म्हणून ते काम एका दुपारी उरकलं.

घाटातही गॅसचे चांगले चालतात. साराटोगाहून हायवे ९ नं डोंगरमाथ्यावरच्या स्कायलाइन रस्त्यापर्यंत चढताना वळणामागून वळणं येतात आणि शॉकमधलं तेल तापतं. दाबाखाली असल्यामुळे गॅसवाल्यात त्या तेलाला फेस सहजी येत नाही, आणि वर पोचेपर्यंत गाडी पहिल्या वळणासारखीच वागते. तेलवाल्यांनी मला तिथे दगा दिलाय असं नाही, पण मी काही फार जोरात हाकणारा माणूस नाही. तुम्ही ट्रॅकवर जात असाल तर माझा अनुभव बाजूला ठेवलेला बरा.

आता ज्या एका गोष्टीनं माझं मत फिरलं ती सांगतो. गाडीत गॅसचे असतानाच एका उन्हाळ्यात आई साताऱ्याहून आली होती. ओकलंडला जायला तिला झेडमध्ये बसवलं. ८८० या हायवेवर काँक्रीटचे जोड लागले की प्रत्येक जोडाला तिच्या हातातल्या बांगड्या वाजायच्या. खड्डा नाही, उंचवटा नाही, नुसती बोटभर रुंदीची फट, आणि किण्, किण्, किण्. ती काही बोलली नाही, पण अर्ध्या वाटेत उजव्या हातानं डाव्या हातातल्या बांगड्या धरून बसली. मी एकटा चालवताना हीच थरथर स्टिअरिंगमधून हाताला लागत होती. जुनी गाडी आहे, चालायचंच, असं मी तोवर समजत आलो होतो.

घरी येऊन विचार केला तेव्हा कारण समजलं. या गाडीच्या मूळच्या पुढच्या स्प्रिंगा फार मऊ आहेत, साधारण दीड किलोला एक मिलिमीटर दबणाऱ्या. गॅसचा दांडा स्वतःच वर ढकलत असतो. तो जोर एका बाजूला १५ किलो धरला तरी नाक चांगलं सेंटिमीटरभर वर येतं. मडगार्ड आणि टायरमधली फट वाढलेली मला दिसत होती, ती नव्या रबरांमुळे असेल असं वाटलं होतं. शिवाय अशा बारीक फटीवर चाकानं हलकेच आत जायला हवं, तिथेच शॉक अडून बसत होता. मऊ स्प्रिंग आणि ताठ शॉक यांचं काही जमेना. गॅसच्या इन्सर्टमध्ये दोष होता असं मी म्हणणार नाही, माझ्या स्प्रिंगांशी त्यांची जोडी चुकली.

तेलाचे घातल्यावर नाक जागेवर बसलं. माझ्या जोडीत दांड्याच्या टोकाला किल्ली लावून उसळीचा, म्हणजे दबलेली स्प्रिंग परत उलगडतानाचा, ताबा वाढवता येतो. हे बॉनेट उघडून दोन मिनिटांत होतं. पण फक्त उसळीचाच, दबण्याचा नाही. हा फरक कळायला मला वेळ लागला. गाडी वळणात झुकते म्हणून किल्ली फिरवत गेलात तर झुकणं थोडं सावकाश होईल, थांबणार नाही. त्याचा इलाज अँटी-रोल बारमध्ये, म्हणजे डाव्या-उजव्या चाकांची बाजू जोडणाऱ्या दांड्यात, आहे.

टोकिको कंपनीच्या पाच टप्प्यांच्या इलुमिना शॉकचं नाव झेडवाल्यांच्या तोंडी अजून असतं. ते बनणं बंद झालंय. कुणाच्या फडताळात न उघडलेला खोका सापडला तरच विचार करा.

कुठलेही घ्या, बसवताना काही गोष्टी सांभाळा. कंपनीतून आलेल्या स्ट्रटमध्ये वेगळा इन्सर्ट नसतो, तेल थेट नळीतच असतं. तेव्हा वरचा मोठा नट पाईप पान्यानं सोडवण्याआधी खाली तसराळं ठेवा. नवा इन्सर्ट आत सोडल्यावर भोवतीच्या पोकळीत थोडं इंजिन ऑइल ओता, म्हणजे उष्णता नळीपर्यंत पोचते. काठोकाठ मात्र भरू नका, तापल्यावर ते वर येतं. सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे नट इन्सर्टवर दाबला गेला पाहिजे, नळीच्या काठावर टेकून थांबता कामा नये. तळाला चकती कमी पडली तर इन्सर्ट आत हलतो आणि ब्रेक मारताच खट् असा आवाज येतो. माझ्या डाव्या बाजूला हेच झालं, सगळं पुन्हा उतरवावं लागलं. २८० झेडची नळी वेगळी असते, तिचे इन्सर्ट २४० ला चालतील असं धरून मागवू नका. आणि वरचे रबरी माउंट याच वेळी बदलून घ्या.

कुणी कडक, कापीव स्प्रिंगा घातल्या असतील तर त्याला मी गॅसचेच घे म्हणेन. मूळच्या स्प्रिंगांवर, रोजच्या रस्त्यावर चालणारी झेड असेल तर माझं मन तेलाकडे झुकतं, दुप्पट पैसे मोजूनही. मी सगळ्यात मऊ टप्प्यापासून अर्धा फेरा वर ठेवलाय. गेल्या उन्हाळ्यात आई पुन्हा आली, तेच ८८०, तेच जोड. हेवर्डपर्यंत ती नातीच्या लग्नाबद्दल बोलत होती, दोन्ही हात मांडीवर मोकळे.