फ्रॉक कोट की मॉर्निंग कोट?

व्हिक्टोरिया राणीच्या काळात (1837–1901) लंडनमधील प्रतिष्ठित पुरुषाचा दिवसाचा औपचारिक पोशाख म्हणजे फ्रॉक कोट. कमरेशी शिवण, तिथून गुडघ्यापर्यंत चहूबाजूंनी सारखाच उतरणारा घेर आणि बहुधा समोर बटणांच्या दोन रांगा. मॉर्निंग कोट मूळचा घोडेस्वाराचा, म्हणून त्याचे पुढचे पल्ले कमरेच्या बटणापासून गोलाई घेत मागे वळतात, जेणेकरून खोगिरावर कापड अडकू नये. शतकाच्या उत्तरार्धात त्यालाही औपचारिक मान मिळाला. दोन्हींच्या पाठीवर, कमरेशी, दोन बटणे असतात. रुबाब निःसंशय फ्रॉक कोटाचा. तरीही कापणीतले खरे कौशल्य मला मॉर्निंग कोटाच्या त्या एका वळणात दिसते. 1936 मध्ये आठव्या एडवर्डने फ्रॉक कोट दरबारी पोशाखातून वगळला. मॉर्निंग कोट मात्र ब्रिटिश लग्नांत आजही दिसतो.